सातव्या प्रश्नाची अमावस्या

१

पाकिटावर लाखेची मोहर नव्हती. सुतळी होती, सुतळीची गाठ होती, गाठीखाली कागदावर लाखेचा तांबडा डागही होता. मोहर तेवढी कोणी उपटून न्यावी तशी गेली होती.

पांढुर्ण्याच्या सहकारी बँकेच्या तिजोरीखोलीत, मोडक्या खुर्चीच्या मागे हे रिकामं पाकीट सापडलं आणि गावाला जे हवं होतं ते मिळालं. परीक्षेचे पेपर याच पाकिटातून आले होते. पेपर फुटला असं लोक निकालापासून बोलतच होते. आता बोलण्याला बूड मिळालं.

परीक्षा लेखापालाची होती. बँकेतला कारकून ती पास झाला की त्याला लेखापालाच्या खुर्चीवर बसता येई. १९८४ च्या मे महिन्यात पांढुर्ण्याच्या केंद्रावर सहा आणि सौंसरच्या केंद्रावर तीन, असे नऊ जण बसले. निकाल आला तेव्हा नवांतल्या आठांची नावं रोखून धरलेली. का, तर सातव्या प्रश्नाला आठही जणांनी एकच चुकीचं उत्तर लिहिलं होतं. छिंदवाड्याच्या केंद्रावर एकानंही ती चूक केली नव्हती. नववी एकटी पास झाली होती. मंगला सोमकुंवर, पांढुर्णा शाखा.

छिंदवाड्याचे परीक्षा नियंत्रक त्रिपाठीसाहेब यांनी त्यावरून आपलं मत बनवलं. पेपर आदल्या रात्री पांढुर्ण्यात फुटला. कोणीतरी तो घाईत सोडवून वाटला, त्यात सातवा प्रश्न चुकला, आणि आठ जणांनी चुकीसकट पाठ केला. ज्यानं फोडला त्यानं स्वतःचं उत्तर मात्र मागाहून सुधारून लिहिलं. तिजोरीखोलीला किल्ल्या दोन. एक मॅनेजर वामनरावांकडे, दुसरी मंगलाकडे.

मंगलाचा नवरा वारला होता. घरी म्हातारे वडील आणि दोन शाळकरी मुली. कमावणारं तिच्याशिवाय कोणी नव्हतं. तिच्या निलंबनाचा हुकूम टाइप होऊन तयार होता, फक्त सही राहिली होती. सहीआधी चौकशी झाली पाहिजे असा नियम, म्हणून सौंसरला केशवरावांकडे माणूस आला.

केशवराव सहकार खात्यातले निवृत्त तपासनीस. आवाज चढवून बोलणं त्यांना कधी जमलं नाही, पण एखादी गोष्ट मनात अडकली की ताटात काय वाढलंय तेही त्यांना कळत नसे. त्यांनी आधी तो पेपर मागवला. पेपर छिंदवाड्याच्या परीक्षा बोर्डाचा, म्हणून हिंदीत होता. जुन्या देशी हिशेबाचा एक भाग त्यात असे आणि त्या भागात तारखा तिथीनं देत. सातवा प्रश्न साधा होता. चैत्र शुद्ध प्रतिपदेला दिलेली रक्कम भाद्रपदाच्या अमावस्येला परत आली. अधिक महिना नाही. व्याज किती महिन्यांचं?

बोर्डाचं उत्तर होतं पाच. आठ जणांनी लिहिलं होतं सहा.

केशवरावांनी पेपर बाजूला ठेवला, डोळे मिटले आणि बोटांच्या पेरांवर महिने मोजले. मग पुन्हा मोजले.

त्यांनाही सहाच आले.

२

"कसं मोजलं म्हणता? मोजा ना जी तुम्हीच!" चिंधू म्हणाला. पांढुर्णा शाखेतला हा तरणा कारकून आठ जणांचा पुढारी झाला होता. बँकेसमोरच्या चहाच्या टपरीवर तो बाकावर बसला नाही, बाकावर पाय ठेवून उभा राहिला. "पाडव्याले रक्कम देल्ली. भादव्याची अवस म्हणजे सर्वपित्री. पाडव्यापासून सर्वपित्रीलोक सहा महिने होतात का नाही? माह्या आजीले विचारा, तेही सहाच सांगन."

"मग पाच कुठून आले?"

"ते तिले विचारा! बोर्डाचं उत्तर पाच, अन् तिचंही पाच. बाकी कोणाचंच नाही. प्रश्नच चुकीचा आहे जी. आमी हरकत घेतली, आठही जणायनं सही करून देल्ली. प्रश्न रद्द करा म्हणून. पण चुकीच्या प्रश्नाचं चुकीचं उत्तर तिले काहून जमलं? त्यायले तं सगळं आधीच भेटते."

"त्यायले म्हणजे?"

चिंधूनं कपातला चहा बशीत ओतला. "तुम्ही समजून राहिले ना जी. मी काय बोलू."

"ती तुझ्याहून सीनियर आहे?"

"आहे तं आहे. खुर्ची एकच आहे." एवढं बोलून तो हसला, पण हसू त्याच्या तोंडावर फार वेळ टिकलं नाही.

सौंसरला परतल्यावर केशवरावांनी तिथल्या शाखेतल्या प्रेमलताला गाठलं. तीही आठांतली एक. कसं मोजलं विचारल्यावर तिनं सांगितलं ते तेच, पाडव्यापासून सर्वपित्रीपर्यंत. नंतर म्हणाली, "काका, एक गोष्ट कोणी पाहूनच नाही राहिलं. आमी सौंसरले बसलो, ते पांढुर्ण्याले. पेपर रात्री तिकडे फुटला म्हणतात. सकाळच्या पहिल्या गाडीनं कोणी उत्तर घेऊन आला असता तं मले दिसला असता ना? मी चिंधूभाऊचं तोंडही दिवाळीपासून पाहिलं नाही."

"अन् मंगलाबाईबद्दल काय वाटते?"

"ते बोलत नाही. हुशार आहे. पण उत्तर तिले कसं आलं ते नाही सांगता येत."

केशवरावांच्याही मनात तेच होतं. दुसऱ्या दिवशी शाखेच्या मागच्या खोलीत त्यांनी मंगलाला बोलावलं. पस्तिशीची बाई, निळी साडी, हातात बांगड्या नाहीत, एक घड्याळ. ती उभीच राहिली.

"मंगलाबाई, एकच सांगा. पाच हे उत्तर तुम्हाला कुठून मिळालं?"

तिनं त्यांच्याकडे असं पाहिलं की त्यांना आपला चष्मा नीट करावासा वाटला.

"लिहून घ्या साहेब," ती म्हणाली, "मले काही सांगायचं नाही."

आणि ती काउंटरवर परत गेली.

३

न बोलणारा माणूस गुन्हेगारच असतो, असं केशवराव नोकरीत असताना मानत. पण मोहरेची गोष्ट त्यांना सलत होती. पाकीट फोडायचं तर सुतळी कापावी लागते, नाहीतर गाठ सोडावी लागते. ही गाठ तशीच घट्ट होती आणि त्यांच्या नखाला दाद देत नव्हती. पाकीट परीक्षेच्या दिवशी एका बाजूनं कात्रीनं कापून उघडलं होतं, ते सर्वांसमक्ष. म्हणजे मोहर गेली, पण पाकीट फुटलं नाही. चोर मोहर कशाला काढील, आणि गाठ कशाला ठेवील?

ते वामनरावांच्या टेबलासमोर जाऊन बसले. पंखा फिरत होता तरी वामनरावांच्या मानेवर घाम होता.

"छिंदवाड्याहून पाकिटं कोणी आणली?"

"मीच जी. दोन्ही आणली. एक सौंसरले उतरवून देल्लं, दुसरं इथं तिजोरीखोलीत ठेवलं."

"कशात आणली?"

"थैलीत."

"ती थैली आहे का?"

वामनरावांनी इकडेतिकडे पाहिलं. थैली त्यांच्या खुर्चीच्या पाठीलाच लटकत होती, पिवळ्या जाड कापडाची. केशवरावांनी ती घेतली, उलटी केली. आतल्या बाजूला, तळाशी, रुपयाच्या नाण्याएवढा लाखेचा तांबडा गोळा कापडाला चिकटून बसला होता. कापडाचे धागे त्यात रुतले होते. एका कडेला मोहरेतली दोन अक्षरं अजून वाचता येत होती.

बाहेर कोणीतरी पासबुकावर शिक्का मारला.

"बसमधे जागा नोहती," वामनराव शेवटी म्हणाले. "ड्रायव्हरच्या बाजूले, इंजिनाच्या झाकणावर थैली ठेवली. मे महिना. इथं येऊन पाकीट ओढलं तं मोहर थैलीतच राहिली. मंगलाबाई समोर होती, तिनं नाही पाहिलं. मी पाकीट उलटं धरून ठेवलं. परीक्षेच्या दिवशी कापतानाही उलटंच धरलं."

"अन् मग बोलले नाही."

"रिटायर व्हाले सहा महिने आहेत जी. पेन्शन अडकवतील."

"अन् तिची नोकरी?"

वामनराव टेबलाच्या काचेकडे पाहत राहिले. "मी म्हटलं, चौकशीत निघन काहीतरी. निघालंच ना."

केशवरावांना त्या क्षणी राग यायला हवा होता. आला नाही, त्यांनी थैलीची घडी घालून ती स्वतःजवळ ठेवली. एक माणूस रोज सकाळी तिच्यासोबत किल्ली लावत होता, तिजोरी उघडत होता, आणि तिच्यावरचा आळ ऐकून गप्प होता.

पाकीट फुटलं नव्हतं. म्हणजे पेपरही फुटला नव्हता. म्हणजे आठ जणांचे सहा हे त्यांचे स्वतःचे, आणि मंगलाचे पाच तिचे स्वतःचे. पण त्रिपाठीसाहेब एवढ्यावर ऐकणारे नव्हते. थैलीतली लाख बघून ते म्हणणार, ठीक आहे, मग एकाच शाखेत, एकाच गावात, एकीलाच पाच कसे आले ते सांगा.

ते केशवरावांनाही सांगता येत नव्हतं.

४

मंगला तिगावला राहत असे, वडिलांकडे. पांढुर्ण्याच्या जवळचंच स्टेशन ते. वडील दादाराव रेल्वेत गँगमन होते, आता घरी असत. केशवराव रविवारी पॅसेंजरनं उतरले आणि विचारत विचारत गेले.

दादाराव ओट्यावर चटई टाकून बसले होते. समोर ग्रंथ, त्यावर धुतलेलं फडकं. त्यांनी पाहुण्याला पाणी दिलं, नाव विचारलं, काम विचारलं नाही. काम त्यांना माहीतच होतं.

"या बसा जी. आता वर्षावास लागन, म्हणून ग्रंथाचं फडकं बदलून राहिलो. तीन महिने वाचतो आमी. आषाढ पौर्णिमेले सुरू, आश्विन पौर्णिमेले समाप्ती. वस्तीतले सगळे येतात. मंगला वाचते. मले उशिरा अक्षर आलं, मी अडखळतो, ते नाही अडखळत."

"अमावस्येला वाचन असते का?"

"अवसेचं काय काम आमाले?" दादाराव म्हणाले. "पौर्णिमेले महिना सरते आमचा. एक पौर्णिमा गेली, दुसरी आली, एक महिना झाला. वर्षभराचं असंच. पोरी लहान होत्या तवापासून असंच मोजतात. पंचांग घरात नाही, कधी आणलं नाही."

केशवराव पाण्याचा तांब्या हातात घेऊन तसेच बसले. महिना पौर्णिमेला संपतो. त्यांच्या उभ्या आयुष्यात महिना अमावस्येला संपत आला होता, आणि तो दुसरीकडे कुठे संपू शकेल हे त्यांच्या मनात कधी आलंच नव्हतं.

मंगला आतून आली. तिनं पदर खोचला होता, हाताला पीठ होतं.

"मंगलाबाई," ते म्हणाले, आणि मग त्यांनी वाक्य बदललं. "पोरी, तू कसं मोजलं ते सांगशील?"

"आता विचारलं बरोबर," ती म्हणाली. "चिंधूले विचारलं, कसं मोजलं. प्रेमलतेले विचारलं, कसं मोजलं. मले विचारलं, कुठून भेटलं. म्हणून नाही बोलली."

केशवरावांनी मान खाली घातली. ओट्यावर एक कोंबडी दाणे टिपत होती, तिच्याकडे ते बराच वेळ पाहत राहिले. मंगलानं मग पिठाच्या बोटांनीच मोजून दाखवलं.

परतताना तिगावच्या फलाटावर इटारसीकडचा, हिंदी बोलणारा एक माणूस गाडीची वाट बघत होता. केशवरावांनी त्याला एकच प्रश्न विचारला. त्यानं उत्तर दिलं, आणि केशवराव बाकावर बसले ते गाडी येऊन निघायला लागली तेव्हाच धडपडत उठले.

५

सौंसर शाखेत सगळे जमले. नऊ उमेदवार, वामनराव, आणि मधल्या खुर्चीत त्रिपाठीसाहेब. साहेबांनी थैली पाहिली, धागे पाहिले, वामनरावांचं म्हणणं ऐकलं आणि मान हलवली.

"ठीक है। मुहर गर्मी से उखड़ी, मान लिया। लेकिन केशवरावजी, आठ लोगों की एक ही गलती? दो अलग गाँव में? इतना बड़ा संयोग?"

"साहेब, एक विचारू? पोला कब पड़ता है?" तिगावच्या फलाटावरचाच प्रश्न केशवरावांनी पुन्हा विचारला.

"पोला? यहाँ का बैलों का त्योहार? भादों की अमावस को।"

खोलीत हसू फुटलं. चिंधू तर मोठ्यानं बोलला, "भादव्यात कायचा पोळा साहेब! पोळा श्रावणात असते! लेकराले विचारा!"

"अरे भाई, भादों में ही है। हमारे घर में पिठोरी की पूजा होती है उस दिन। मैं नहीं जानता क्या?"

"श्रावण अमावस्या!" दोघेतिघे एकदम बोलले.

"भादों!"

केशवरावांनी हात वर केला. "दोघंही खरं बोलून राहिले. दिवस एकच आहे. बैल त्याच दिवशी सजतात. नाव तेवढं वेगळं. साहेब, आपके यहाँ महीना पूर्णिमा को खतम होता है। आमच्याकडे अमावस्येला. म्हणून शुद्ध पक्ष दोघांचा सारखा आणि वद्य पक्षाचं नाव एक महिना पुढंमागं. तुम्ही प्रश्नात भादों की अमावस लिहिली ती पोळ्याची. पाडव्यापासून पोळ्यापर्यंत पाच महिने. या आठ जणांनी वाचली ती सर्वपित्रीची. पाडव्यापासून सर्वपित्रीपर्यंत सहा. कोणी कोणाचं पाहिलं नाही. आपापल्या घरी जसं ऐकलं तसं मोजलं. मीही सहाच मोजले होते."

त्रिपाठीसाहेबांनीही बोटांवर मोजलं. मग एकदम मान वर केली.

"और ये? ये भी तो यहीं की हैं। इनका पाँच कैसे आया?"

चिंधूही तोंड उघडणार होता. केशवरावांनी मंगलाकडे पाहिलं. हे तिनं सांगायचं होतं.

"आमच्या घरी महिना पौर्णिमेले सरते," मंगला म्हणाली. "आमी बुद्ध धम्माचे. वर्षावास पौर्णिमेपासून पौर्णिमेलोक मोजतो. भाद्रपद पौर्णिमेच्या आधी जे अमावस्या येते, तेच भाद्रपदाची. मोजले तं पाच झाले. मले नाही माहीत होतं बोर्ड कसं मोजते, अन् हे आठ कसे मोजतात. मले माह्या बापानं शिकवलं तसं मोजलं."

कोणी हसलं नाही. वामनरावांनी रुमाल काढून तोंड पुसलं.

६

गोष्ट इथं संपायला हवी होती. केशवरावांना वाटलंही की संपली. पण त्रिपाठीसाहेबांनी फाइल उघडली आणि चष्मा लावला.

"तो प्रश्न दोषपूर्ण था। नियम साफ है। आठ लोगों की आपत्ति है कि प्रश्न रद्द हो। रद्द करते हैं। बाकी प्रश्नों पर नतीजा बनेगा।" त्यांनी बेरीज केली. "आठों पास। और मंगलाबाई..." पेन्सिल थांबली. "दो अंक कम पड़ रहे हैं।"

तिच्यावरचा आळ त्यांनीच पुसला होता, आणि त्याच फडक्यानं तिचा निकालही पुसला जात होता.

"साहेब, दोन्ही उत्तरं बरोबर धरा," ते म्हणाले. "सगळे पास होतात."

"हिसाब के सवाल के दो जवाब? ऊपर क्या कहूँगा? और आपत्ति तो रद्द करने की है। वो वापस लें, लिखकर दें कि दोनों मान्य हों, तब मैं कुछ कर सकता हूँ। आठों को देना पड़ेगा।"

आठही जण एकमेकांकडे पाहू लागले. प्रश्न रद्द झाला तरी ते पास होते, नाही झाला तरी पास होते. फरक एकीलाच पडणार होता. आणि खुर्ची एकच होती.

मंगला पुढे आली. "प्रश्न चुकीचा नोहता साहेब, अर्धा होता. कोणाचा महिना ते लिहिलं नोहतं. अर्ध्या प्रश्नाचं मी पुरं उत्तर लिहिलं, त्यायनंही पुरं लिहिलं. चूक पेपर काढणाऱ्याची, अन् दंड माह्यावर? मी कोणाजवळ सही मांगत नाही. माही हरकत लिहून घ्या. रद्द केला तं मी भोपाळलोक जाईन."

साहेबांनी पेन्सिल खाली ठेवली. प्रेमलता उठली, टेबलाशी गेली आणि न विचारता कोऱ्या कागदावर लिहू लागली. तिच्या मागून सौंसरचे दोघे. मग पांढुर्ण्याचे एकेक. चिंधू भिंतीला टेकून उभा होता.

"चिंधूभाऊ," प्रेमलता त्याच्याकडे न पाहता म्हणाली, "पेपर फुटला म्हणून तुमी गावभर फिरले. नाही फुटला हे सांगाले कोण फिरन?"

"मी काय एकटाच म्हणत होतो?"

"सगळे म्हणत होते. पण तुमी सुरू केलं."

चिंधूनं पेन घेतलं. मंगला समोरच उभी होती, पण त्यानं तिच्याकडे पाहिलं नाही. सही करताना निब कागदात रुतली आणि शाईचा ठिपका पडला. "घ्या," तो म्हणाला, आणि बाहेर निघून गेला. त्याची सायकल स्टँडवरून निघाल्याचा आवाज आत आला.

नऊही जण पास झाले. निलंबनाचा हुकूम सही न होता फाडला गेला. वामनरावांना एक कडक पत्र आलं आणि पेन्शनही वेळेवर मिळालं. आमचं चुकलं, असं मंगलाला कोणी म्हणालं नाही. सीनियर म्हणून पांढुर्णा शाखेची लेखापालाची खुर्ची मात्र तिला मिळाली.

संत्र्यांचा हंगाम सुरू झाल्यावर केशवराव एकदा पांढुर्ण्याला गेले होते. बँकेत गर्दी होती. ते रांगेच्या शेवटी उभे राहिले. आत लेखापालाच्या टेबलावर मंगला मान खाली घालून काम करत होती. पुढच्या शेतकऱ्यानं शेजाऱ्याला कोपरानं ढोसलं.

"हेच का बे ते? पेपरवाली?"

आवाज काही फार खालचा नव्हता. केशवरावांनी बोलायला तोंड उघडलं. कुठून सुरुवात करावी ते त्यांना कळेना. थैली, लाख, पोळा, सर्वपित्री, पौर्णिमा... एवढी लांब गोष्ट रांगेतल्या कोणाला ऐकायला वेळ होता?

मंगलानं मान वर केली. तिनं ऐकलं होतं.

"हाव, मीच," ती म्हणाली. "पासबुक द्या."